शुक्रवारचं चित्र : कामाच्या नोंदी

३ जून २०२५

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका गेंड्याचं चित्र आलं. खाली ओळ होती, "मुघलकालीन दुर्मिळ चित्र, पुढे पाठवा." दहा मिनिटांत पंधरा जणांनी हात जोडले आणि बहुतेकांनी पुढे पाठवलंही असणार. मला तो गेंडा मुघल वाटेना. दरबारी लघुचित्रात जनावर जसं सजवून मांडतात, तसा तो नव्हता. समोर उभं केलेलं जनावर कुणीतरी मन लावून, अंग-अंग तपासत कागदावर उतरवलं होतं. बावीस वर्षं प्रीप्रेसमध्ये, म्हणजे छपाईआधी पानं-चित्रं तयार करण्याच्या कामात, काढल्यावर एवढं डोळ्याला कळतं.

चित्र टाकून उलटा शोध घेतला. पहिल्या दहा-बारा ठिकाणी तेच चित्र, तीच ओळ, फक्त दर वेळी थोडं आणखी लहान आणि कडेने थोडं आणखी कापलेलं. चाळीस मिनिटांनी मूळ ठिकाण सापडलं. अमेरिकेतलं न्यू हेवन, येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट. चित्रकार गंगाराम चिंतामण तांबट. पेशव्यांच्या पुण्यातल्या प्राणिसंग्रहातला गेंडा, नोव्हेंबर १७९०.

पुण्यातला! पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. रोज त्या रस्त्याने मी छपाईच्या दुकानात जाते. आपल्या माणसाने आपल्या गावात काढलेलं चित्र परक्या नावाने आपल्याच मोबाइलवर येतं आणि आपण त्याला हात जोडून पुढे ढकलतो, हे दिवसभर मनातून गेलं नाही.

संध्याकाळी चित्रकलेच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, नुसतं हळहळून काय होणार? तुम्ही शोधा, मी लिहायला बसतो." भाचीने मांडणी अंगावर घेतली. ठरलं ते असं. दर शुक्रवारी एकच चित्र पाठवायचं. सोबत चार गोष्टी हव्यातच: कुणी केलं, कधी केलं, कसं केलं आणि आज कुठे ठेवलंय. त्यापुढे आमचं म्हणणं. पहिल्या चारपैकी एक जरी नक्की झाली नाही, तरी त्या आठवड्यात ते चित्र जाणार नाही.

६ जून

पहिलं चित्र अर्थात गेंडा. बासष्ट जणांना गेलं.

टिपण लिहिताना गंगाराम तांबटांबद्दल जे हाती लागलं ते इथे टिपून ठेवते, पुढे लागेल. चार्ल्स मॅलेट हा पेशव्यांच्या दरबारी ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे वकील. त्याच्यासाठी गंगाराम चित्रं काढत. वेरूळच्या लेण्यांची त्यांची रेखाटनंही आज येलमध्येच आहेत. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुढे पुण्यात आला. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचं त्याने केलेलं मोठं तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. गंगाराम या वेल्सचे सहायक झाले. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने वेरूळची २४ दृश्यं १८०३ मध्ये लंडनला छापली. त्या पुस्तकाच्या शीर्षकात वेल्सचं नाव आहे, डॅनियलचं आहे. गंगारामांचं नाही.

म्हणजे चित्रावरून नाव गळून पडणं मोबाइलने सुरू केलं नाही. मोबाइलने त्याचा वेग मात्र वाढवला.

११ जून

तांत्रिक नोंद. मोबाइलवरून चित्र साध्या पद्धतीने पाठवलं की दोन गोष्टी होतात. चित्र दाबून लहान केलं जातं, आणि फाइलच्या पोटात भरलेली माहिती, म्हणजे नाव, साल, हक्क, पुसली जाते. आम्ही पहिल्या आठवड्यात ती माहिती फाइलमध्ये नीट भरली होती. भाचीने तिच्या मैत्रिणीकडे पोचलेली प्रत उघडून पाहिली तर सगळं कोरं.

उपाय छपाईतलाच आहे. चित्राच्या खाली पांढरी पट्टी जोडायची आणि माहिती चित्राचाच भाग म्हणून छापायची. भाचीने तिला नाव दिलं "कूळपट्टी". ज्याला कापायचीच आहे तो कापेल, पण नकळत तरी हरवणार नाही. शिवाय मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, म्हणजे ती दाबली जात नाही.

मोठी संग्रहालयं चित्रं दाखवतात त्यामागची युक्ती सरांना समजावून दिली, ती इथेही लिहिते. अवाढव्य चित्र एकदम उघडत नाहीत. त्याचे फरशीसारखे चौकोनी तुकडे करून ठेवलेले असतात, आपण जिथे डोळा नेतो तेवढ्याच फरश्या आपल्याकडे येतात. यासाठी जगभरच्या संग्रहालयांनी आणि ग्रंथालयांनी मिळून एक समान पद्धत ठरवली आहे, ट्रिपल आय एफ. त्यात पत्त्यामध्येच लिहिता येतं की चित्राचा कुठला भाग हवा, केवढा हवा, किती फिरवून हवा. त्यामुळे "गेंड्याचा फक्त कान पाहा" असा नेमका दुवा पाठवता येतो. प्रूफवर बोट ठेवून गिऱ्हाइकाला चूक दाखवावी तसं.

२० जून

या आठवड्याचं चित्र वाचकांकडूनच आलं. नारायण पेठेतल्या एका काकूंनी घरच्या लक्ष्मीचा फोटो पाठवला आणि विचारलं, "हे रवि वर्म्याचं खरं आहे का? ऑनलाइन पाहिलं तर शेकड्याने दिसतात." फोटोवरून काही सांगणं मला पटलं नाही. भिंग घेऊन त्यांच्या घरी गेले.

देवघराच्या वर, शिसवी चौकटीत. कमळावर उभी चार हातांची लक्ष्मी, शेजारी हार घेतलेला हत्ती. काकूंच्या आजेसासूंनी लक्ष्मीच्या साडीच्या काठावर खरी जर चिकटवली आहे आणि मुकुटात टिकल्या बसवल्या आहेत. त्या काळी अशी चित्रं घरोघरी सजवत. माहेरवाशिणीला नेसवावं तसं देवीला नेसवलंय. जर काळवंडली आहे, पण एक टाका सुटलेला नाही. मी बराच वेळ काही बोललेच नाही.

मग काच काढून गालावर भिंग ठेवलं. गालाची गुलाबी ही एक सलग शाई नाही. हाताने दिलेले बारीक ठिपके आहेत, काही गुलाबी, काही पिवळट, हनुवटीखाली सावलीत निळसर करडे. एकही ठिपका दुसऱ्यासारखा नाही. कुठे दाट, कुठे विरळ, कुठे दोन एकमेकांत मिसळलेले. हे शिळाछपाईचं काम आहे. जितके रंग तितके दगड. प्रत्येक दगडावर कारागीर त्या-त्या रंगाचे ठिपके तेलकट शाईने काढतो. दगड ओला केला की कोऱ्या जागी पाणी राहतं, तेलकट जागी शाई धरते. एकाच कागदावर एकामागून एक सगळे दगड उठवायचे आणि वरून वार्निश. डाव्या हाताच्या बोटांशी लाल रंग केसभर बाहेर सरकलाय. आमच्या भाषेत रजिस्टर हललंय. मला तर ती चूक पाहून आनंदच झाला. त्या दिवशी मशीनवर कुणीतरी माणूस उभा होता, याची ती खूण.

तळाशी रवि वर्मा प्रेसची ओळ आहे, कार्ला-लोणावळा. हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांनी लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुढे रवि वर्म्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला.

विक्रीच्या साइटवर "ओरिजिनल ओलिओग्राफ", म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी अस्सल शिळाछाप, म्हणून मांडलेल्या लक्ष्मीचे तीन मोठे फोटो उतरवून घेतले आणि तितक्याच जवळून पाहिले. तिन्हींत ठिपके एका जाळीत, ओळीने, सारख्या अंतरावर, आणि चार रंग मिळून फुलासारखी नक्षी. हे ऑफसेटचं, म्हणजे आजच्या नेहमीच्या यंत्रछपाईचं, काम. ऑफसेट वाईट असं मी कधीच म्हणणार नाही, माझं पोट त्यावर चाललंय. पण ऑफसेटला शिळाछाप म्हणून विकणं ही फसवणूक आहे. या शुक्रवारी दोन्ही गाल शेजारी शेजारी ठेवून पाठवले: काकूंच्या लक्ष्मीचा आणि त्या साइटवरचा.

आतापर्यंत सर्वांत जास्त उत्तरं याला आली. एकवीस जणांनी आपापल्या घरच्या चित्रांचे जवळून काढलेले फोटो पाठवले. त्यांतली चार शिळाछाप निघाली.

२७ जून

सर आजारी. चित्र पाठवलं नाही.

५ जुलै

चूक झाली आहे, ती नीट लिहून ठेवते.

उद्या आषाढी, म्हणून कालच्या शुक्रवारी वारीचा एक जुना रंगीत फोटो पाठवला. चौकटीतल्या चार गोष्टींपैकी "कसं केलं" इथे मी "जुना रंगीत फोटो" एवढंच लिहिलं, कारण घाई होती. रात्री कोल्हापूरहून एका वाचक काकांचा निरोप आला: "ताई, मूळ फोटो कृष्णधवल आहे, माझ्याकडे त्याची छापील प्रत आहे. हे रंग यंत्राने भरलेत." त्यांनी आपल्या प्रतीचा फोटोही पाठवला. त्यांचंच बरोबर होतं. फोटोत डावीकडचा फेटा भगवा केलाय, मागच्या बाईचं लुगडं हिरवं केलंय. त्या दिवशी ते लुगडं कुठल्या रंगाचं होतं हे फोटो सांगत नाही. प्रोग्रामने आपल्या मनचा रंग दिला आणि मी तो खरा म्हणून बासष्ट घरांत पोचवला.

आज सकाळी दुरुस्ती पाठवली, मूळ कृष्णधवल फोटोसह, काकांचे आभार मानून. आणि स्वतःसाठी नियम: जुना फोटो रंगीत दिसला की तो रंग कुठून आला हे आधी शोधायचं. व्यवहारात चालेल असं पहिलं रंगीत फोटोचं तंत्र, ऑटोक्रोम, ल्युमिएर बंधूंनी १९०७ मध्ये बाजारात आणलं. त्यात काचेवर बटाट्याच्या पिठाचे रंगवलेले कण पसरलेले असतात, नारिंगी, हिरवे आणि जांभळे. जवळून पाहिलं की रांगोळीच्या कणांसारखे दिसतात. पॅरिसच्या आल्बेर कान या धनिकाने जगभर छायाचित्रकार पाठवून असे सुमारे ७२,००० फोटो जमवले, त्यांत भारतातलेही आहेत. त्याआधीचा "रंगीत फोटो" म्हटला की तो बहुतेक वेळा हाताने रंगवलेला तरी असतो, शिळाछपाईने रंग चढवलेला तरी, नाहीतर आजच्या संगणकाने रंगवलेला.

हाताने रंगवलेल्यावर माझा राग नाही. रंगवणाऱ्याचा हात त्यात दिसतो. हात लपवला जातो तिथे माझी हरकत आहे.

१३ जुलै

गेल्या आठवड्यातल्या दुरुस्तीनंतर वाचकांपैकी कुणीतरी विचारलं, "मग खरे रंग कसे धरायचे?" त्याचं उत्तर रशियाचे छायाचित्रकार प्रोकुदिन-गोर्स्की. त्यांचा संग्रह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९४८ मध्ये त्यांच्या वारसांकडून विकत घेतला. काचेवरच्या १,९०२ निगेटिव्ह, सगळ्या ऑनलाइन, कुणीही उतरवून घ्याव्यात.

त्यांची काच पाहिली की आमच्यासारख्याच्या पोटात कालवतं, कारण ते चक्क सेपरेशन आहे, छपाईसाठी चित्रातले रंग वेगवेगळे काढतात तसं. उभ्या काचेवर एकाखाली एक तीन कृष्णधवल चित्रं. वरचं निळ्या काचेतून घेतलेलं, मधलं हिरव्या, खालचं लाल. १९११ चा बुखाऱ्याच्या अमीराचा फोटो घ्या, निगेटिव्ह उलटवून पॉझिटिव्ह केलेला. त्याचा निळा झगा वरच्या चित्रात उजळ दिसतो आणि खालच्या चित्रात काळपट. तीनही चित्रं त्या त्या रंगाच्या उजेडाने एकावर एक पडद्यावर पाडली की झगा निळा होतो. कुणी रंग भरला नाही, वस्तूवरून आलेला उजेडच तीन वाटांनी धरून ठेवला. मूळ कल्पना मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञाची, १८५५ ची, १८६१ मध्ये ती करून दाखवलेली, पण प्रोकुदिन-गोर्स्की ती घेऊन झारच्या मदतीने साम्राज्यभर फिरले.

आज रविवार, सरांच्या घरी आम्ही तेच करून पाहिलं. साहित्य: मोबाइल, स्टूल, वर शब्दकोशाचे दोन खंड, आणि दुकानातून आणलेले लाल, हिरवे, निळे जिलेटिन पेपर. समोर ओट्यावर हळदीची वाटी, कुंकवाचा करंडा, निळीची पुडी, चार हिरव्या मिरच्या, आणि मागे थोडा सोडलेला नळ.

पहिल्या दोन खेपा फुकट गेल्या. मोबाइल स्वतःच शहाणपणा करून रंग सावरतो, त्यामुळे लाल कागद लावूनही लाल राहत नाही. कॅमेऱ्याच्या प्रो सेटिंगमध्ये जाऊन उजेड आणि व्हाइट बॅलन्स बांधून टाकले तेव्हा जमलं. निळा कागद फिका निघाला, तो दुहेरी केला. मग तीन फोटो, तिन्ही कृष्णधवल केले आणि प्रीप्रेसच्या प्रोग्राममध्ये लाल, हिरव्या, निळ्या चॅनलमध्ये टाकले.

कुंकू फक्त लाल कागदाच्या फोटोत उजळ होतं, बाकी दोन्हींत काळं. हळद लाल आणि हिरव्या दोन्हींत उजळ, निळ्यात जवळजवळ काळी. सरांच्या मुलीने हे पाहून विचारलं, "म्हणजे पिवळा म्हणजे निळा नसणं?" मला हे कळायला नोकरीची पहिली दोन वर्षं लागली होती.

तीन चॅनल जुळवले आणि ओटा रंगांनी उजळला. वाटी, करंडा, मिरच्या अगदी जिथल्या तिथे. नळाचं पाणी मात्र लाल, हिरव्या, निळ्या धाग्यांत फुटलेलं, कारण तीन फोटोंच्या मधल्या वेळात पाणी थांबलं नव्हतं. लगेच प्रोकुदिन-गोर्स्कींचे नदीचे फोटो उघडले. तिथेही वाहत्या पाण्यावर तशीच रंगीत किनार. शंभर वर्षांपूर्वीचं पाणी आणि आजचा नळ एकाच पद्धतीने बोलले. सर दोनदा डोळे पुसत होते.

१८ जुलै

अमीर आणि ओटा एकाच पानावर पाठवले. कृती सोबत दिली. दोन शाळांतल्या बाईंनी वर्गात करणार म्हणून कळवलं. जिलेटिन दुहेरी करायला सांगितलंय.

२५ जुलै

अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयाने जानेवारी २०२२ मध्ये डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६४२ च्या "नाइट वॉच"चा जो फोटो खुला केला, तो या वेळी. ७१७ अब्ज पिक्सेल. ८,४३९ फोटो जोडून केलेला. एक पिक्सेल म्हणजे चित्रावरचे ५ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये २०० पिक्सेल. आम्ही चांगलं मासिक छापतो ते मिलिमीटरला साधारण बारा पिक्सेलवर. इतकं जवळ गेलं की चित्रातला माणूस नाहीसा होतो आणि रंगाच्या थराला पडलेल्या भेगा दऱ्यांसारख्या दिसतात.

पण मला सांगायचं होतं ते दुसरंच. हे चित्र १७१५ मध्ये अॅमस्टरडॅमच्या टाउन हॉलमध्ये हलवताना बसेना म्हणून चारही बाजूंनी कापलं होतं. २०२१ मध्ये संग्रहालयाने जुन्या एका लहान प्रतीवरून, कृत्रिम बुद्धिमत्तेला रेम्ब्रांटची ढब शिकवून, कापलेल्या पट्ट्या तयार केल्या आणि मूळ चित्राच्या कडेला लावल्या. लावताना उघड सांगितलं की हे यंत्राने केलंय, मूळ नाही. काही महिन्यांनी काढूनही घेतल्या.

वारीच्या फोटोत आणि यात यंत्र जवळपास एकाच जातीचं. फरक फक्त सांगण्यात. हे टिपण लिहिताना मी नेहमीपेक्षा कडक झाले, सरांनी दोन वाक्यं मऊ केली. मी ती परत कडक केली.

(याच रेम्ब्रांटने मुघल लघुचित्रांवरून वीसहून जास्त रेखाटनं केली आहेत, जपानी कागदावर. त्यावर स्वतंत्र शुक्रवार ठेवायचा.)

८ ऑगस्ट

दादासाहेब फाळके. "राजा हरिश्चंद्र" १९१३ मध्ये आला हे सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी १९१२ मध्ये त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली होती. रोज थोडी थोडी फिल्म घेत, म्हणजे पडद्यावर रोप क्षणात उगवतं. छायाचित्रण, ब्लॉक बनवणं आणि छपाई हा त्यांचा आधीचा धंदा. सेकंदाचे तुकडे करून पुन्हा जोडायची बुद्धी मला वाटतं तिथूनच आली असेल. हा माझा अंदाज आहे, टिपणातही अंदाज म्हणूनच लिहिलाय.

भाचीने मोबाइल टाइमलॅप्सवर लावून मटकीला मोड येताना टिपले. ओल्या फडक्यावर आठ तास, वीस सेकंदांत. मोड आधी खाली वाकतो आणि मग वळसा घेतो. इतकी वर्षं मटकी भिजवतेय, हे कधी पाहिलं नव्हतं.

२२ ऑगस्ट

एकशे अठ्ठेचाळीस घरांत चित्र जातं आता. वाचकांपैकी एक कसब्यातले तांबटकाम करणारे गृहस्थ, जूनमधल्या गेंड्यापासून आमच्या यादीत आहेत. आज दुकानात आले. म्हणाले, "ताई, आमच्याच आडनावाच्या माणसाचं चित्र. गणपतीत दुकानात लावायचंय. मोठं करून द्याल?"

हक्क पाहिले. चित्र सार्वजनिक आहे, येल ते मोकळेपणाने देतं. मूळ मोठी फाइल उतरवली. कागद थोडा पिवळट छटेचा, चकचकीत नको. कूळपट्टी खाली ठेवायची का, विचारलं. ते म्हणाले, "नाव मोठ्या अक्षरात टाका."

२५ ऑगस्ट

बारा बाय अठराचं प्रूफ काढलं. गेंड्याचा करडा जरा निळसर गेला होता. सायन, म्हणजे छपाईतली निळी शाई, दोन टक्के उतरवला, दुसऱ्या प्रूफमध्ये बसला. पट्टीत मराठीत: गंगाराम चिंतामण तांबट, पुणे, नोव्हेंबर १७९०. परवा चतुर्थी आहे, ते उद्या संध्याकाळी घ्यायला येणार आहेत. भाची चौकट पाहायला रविवार पेठेत गेली आहे.